बोटांनी मोजलेला पूर

पाऊस धरला की पनवेलची माणसं घरात शिरायची आणि आमचे काशिराम भावोजी बाहेर पळायचे. भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर. मामलेदार कचेरीत शिपाई होते. टपाल नेणं, साहेबांची टेबलं पुसणं ही कामं बाकीच्या शिपायांनी आपसात वाटून घेतली, आणि कुणालाच नको असलेलं काम नव्या माणसाच्या गळ्यात घातलं. कचेरीच्या मागच्या आवारात जमिनीत एक नळकांडं पुरलेलं होतं. वर नरसाळं, आत बाटली. रोज सकाळी साडेआठला बाटली काढायची, काचेच्या मापात ओतायची, आणि किती इंच किती सेंट, म्हणजे इंचाचे शंभरावे भाग, झाला ते भाऊसाहेब कारकुनांना सांगायचं. भाऊसाहेब वहीत लिहायचे. मग पाणी फेकून द्यायचं.

ते पाणी फेकताना भावोजींचा जीव खालीवर व्हायचा. घरी येऊन चुलीपाशी बसायचे आणि दूध नासल्यासारखं तोंड करून सांगायचे, “वयनी, आज तीन इंच फेकलं.”

“मग घरी आणायचं,” मी म्हणायचे. “हिते कमी पडतंय नाय का, गळतंय तेवढं?”

ही गोष्ट स्वातंत्र्यानंतर सहा-सात वर्षांनी घडली. गाढी नदीच्या काठाला आमची खालची आळी, आणि आळीत पहिलं घर आमचं. नदीला यायचं झालं तर ती पहिल्यांदा आमच्याकडे येणार, मग शेजारी हौसाकडे, मग बाकी आळीत. आम्ही मिठागरवाली माणसं. पावसाळ्यात घरात मिठाच्या गोणी, सुके बोंबील आणि भाताची कणगी. पुराचं पाणी शिरलं की मिठाच्या गोणीत गोण तेवढी उरते. म्हणून पूर येणार की नाही हा आमच्याकडे गप्पांचा विषय नव्हता, पोटाचा होता.

पण पूर कशानं येतो, हे कुणी विचारत नव्हतं. पाऊस फार झाला की येतो, यात विचारायचं काय? भावोजींनी विचारलं. त्यांनी कचेरीतल्या जुन्या वह्या भाऊसाहेबांच्या हातापाया पडून बाहेर काढल्या आणि आळीतल्या म्हाताऱ्यांना गाठून बसले. कुठल्या साली पाणी कुठवर आलं होतं? आता आमच्यात साल कोण लक्षात ठेवतो. एक म्हणे, आमचा गाईचा पाडा गेला त्या साली. दुसरी म्हणे, माझी मालू पोटात होती, पाणी उखळापर्यंत होतं, मी उखळावर चढून बसले होते. हौसा म्हणाली, “चुलीवर कोलंबीचं कालवण होतं. कालवण वाहून गेलं, तेवढं ध्यानात हाय.”

भावोजी विचारायचे, “पर त्या दिवशी तिथ कंची होती?”

आणि तिथी मात्र सगळ्यांना पाठ. पाडा गेला ती अवस. मालूच्या वेळी पुनवेचा दुसरा दिवस. कालवणाच्या दिवशी हौसाचा संकष्टीचा उपास दुसऱ्या दिवशी लागणार होता म्हणून घाईनं कोलंबी केलेली, म्हणजे पुनवेनंतरचा तिसरा दिवस.

ही माहिती लिहून ठेवायचं काम माझ्याकडे. मी दुसरी पास, भावोजी पहिलीत दोनदा बसून उठलेले, आमचे हे शाळेच्या वाटेवरूनच परतलेले. घरातली विद्वान मीच. पाटी पुरेना म्हणून माजघराच्या भिंतीवर गेरूनं लिहायला लागलो. एका रांगेत पनवेलचा पाऊस, दुसरीत तिथी, तिसरीत नदी आमच्या ओट्याच्या कितव्या पायरीला. माझ्या सासूबाई, ठमाबाई, फार कमी बोलायच्या. त्यांनी दोन दिवस ती भिंत पाहिली आणि म्हणाल्या, “लगीन असलेल्या घराच्या भिंतीवर पन एवढं काढत नाय कोनी.”

महिन्याभरात भिंतीनंच आम्हाला शिकवलं. अष्टमीच्या सुमाराला आठ इंच पाऊस झाला तरी नदी पहिल्या पायरीवर पाय ठेवत नव्हती. अवस-पुनवेला चार इंचात दुसरी पायरी बुडायची. कारण अवस-पुनवेला दुपारी बाराच्या सुमाराला खाडीला उधाण. समुद्र तोंडाशी येऊन उभा राहिला की नदीला जायला दार नाही. मग ती वळते आणि आळीत शिरते. भावोजी आळीभर सांगत सुटले, “अष्टमीला आभाळ फाटलं तरी पाय लांब करून झोपा.” लोकांना ते आवडलं. झोपायला सांगणारा माणूस कुणालाही आवडतो.

पण दोन रांगांनी हिशेब जमत नव्हता. कधी अवस असायची, पनवेलीत पाऊसही बरा असायचा, आणि नदी आपली खाली. कधी पनवेलीत नुसती भुरभुर आणि नदी लाल होऊन धावतेय. भावोजी एका सकाळी नदीत काठी धरून उभे होते, पाण्यात एक पळसाचं पान वाहत आलं, जे झाड आमच्या खाडीकाठाला नाही, आणि ते ओरडत घरी. “वयनी, पाणी आपलं नाय. पाणी डोंगरचं हाय.”

माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याशी नेरे गाव आहे. तिथे आमच्या मावससासूबाई आणि त्यांचे यजमान, आमचे मावसा, राहायचे. त्यांच्या अंगणात भावोजींनी तुपाचा एक रिकामा डबा उघडा ठेवला. रोज सकाळी मावसांनी त्यात काडी बुडवून ओल्या भागावर बोटं आडवी लावत मोजायचं, किती बोटं पाणी आहे ते बाजाराला येणाऱ्या बायांकडून कळवायचं, आणि डबा पालथा करायचा. मावसांनी अख्खा पावसाळा मोजलं. त्या वर्षी एकदा अवसेला निरोप आला, आठ बोटं. आणि दुपारी पाणी आमच्या तिसऱ्या पायरीला. भिंतीवर तिसरी पायरी आणि आठ बोटं मी मोठ्या अक्षरात लिहिली. म्हणजे नऊ बोटं झाली की चौथी पायरी आणि घर. हिशेब सोपा होता. चुकायचा हिशेब नेहमी सोपाच असतो.

पुढच्या वर्षी मावसा-मावशी मुलाकडे रोडपालीला राहायला गेले. डबा शेजारच्या शिवाच्या पोरीकडे देऊन गेले. तिचं नाव भामा. ती रोज डोक्यावर टोपली घेऊन पनवेलच्या बाजाराला यायची. शिराळी, काकड्या, पडवळ, श्रावणात रानभाज्या. तेव्हा भावोजींना बाजाराचं कसं वेड लागलं ते काय सांगू. आमच्या घरात त्या आषाढात इतकी शिराळी शिजली की आमचे हे एकदा ताटाला हात जोडून उठले.

पहिल्या दिवशी मी बरोबर होते म्हणून सांगते. भावोजी तिच्यापुढे उकिडवे बसले आणि काकडी हातात घेऊन विचारलं, “किती झाला?”

“काकडीचा भाव इचारतंस का पावसाचा?”

“पावसाचा.”

“पाच बोटं. मोजून काय करशील? इकशील?”

“पूर कवा येल ते सांगीन.”

“आमच्या गावचं पानी बघून तुमच्या गावचा पूर सांगशील. मग आमच्याकडं पूर येल तवा कोनाचं पानी बघू?”

 भावोजींनी चार काकड्या घेतल्या. वाटेत मला म्हणाले, “डोंगराच्या वरती कोन ऱ्हातंय ते इचाराया पायजे.” मी म्हटलं, “आधी डोंगराच्या खाली ऱ्हातंय तिला बघा.” कान लाल झाले त्यांचे.

आषाढ संपत आला. दिव्यांची अवस. सकाळी भामा बाजारात येऊन टोपली उतरवते न उतरवते तोच सांगती झाली, “नऊ बोटं.”

भावोजी तिथून निघाले ते आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दारोदार. “आज बारा वाजता पाणी घरात. नऊ बोटं हाय. सामान माळ्यावर घ्या.” अख्खी आळी कामाला लागली. भात वर, बोंबील वर, मिठाच्या गोणी दोघादोघांनी वर, कोंबड्या टोपलीखाली घालून वर. हौसानं जात्याची तळी सुद्धा चढवली. आम्ही सगळे माळ्यावर पाय हलवत बसलो. बारा वाजले. एक वाजला. नदी आली, पहिल्या पायरीला पाणी लावलं, आणि पाहुणीला घाई असावी तशी परत गेली.

दोन वाजता सामान उतरवायला लागलो. जातं उतरवताना हौसाच्या नवऱ्याच्या अंगठ्यावर पडलं. त्यानं त्या दिवशी भावोजींना जी नावं ठेवली त्यातलं एकच लिहिण्यासारखं आहे, ते म्हणजे पूरवाला. तेच चिकटलं. भावोजी नाक्यावर दिसले की पोरं ओट्यावर चढून उभी राहायची. तंबाखू चोळत कुणीतरी विचारायचं, “काय पूरवाले, आज चहा खाली पिऊ का माळ्यावर?”

भावोजी जेवेनात. भिंतीसमोर बसून राहायचे. “नऊ बोटं हाय वयनी. आठाला तिसरी पायरी, मग नवाला पयली कशी?”

मलाही कळेना. दोन दिवसांनी मी भामाकडे शिराळी घ्यायला गेले. तिनं वाटा उचलून माझ्या हातात दिला आणि तिचा हात माझ्या हाताशेजारी आला. चवळीच्या शेंगा, अशी तिची बोटं. आणि आमचे मावसा, जन्मभर मिठागरात फावडं मारलेले, त्यांचं एक बोट म्हणजे गाजर. मी शिराळी तिथेच टाकून कचेरीत गेले. बायकांनी कचेरीत जायची रीत नव्हती, मी खिडकीतून हाक मारली. “भावोजी, बोटं मावसांची नाय. बोटं भामाची हाय.”

भावोजी एवढे हुशार, पण ऐकून निम्मंच घेतलं. उरलेलं बघायला तडक बाजारात गेले. भामाला म्हणाले, “हात फुडं कर.” आणि भर मंगळवारच्या बाजारात तिचा पंजा आपल्या पंज्याला लावून बोटं मोजली. एकदा मोजून समाधान होईना, दुसऱ्यांदा मोजली. मग काथ्याचा दोर आणून त्यावर गाठी मारत मोजली. भामाही कशी, हात मागे घेईना. म्हणाली, “दुसरा पन मोज. डाव्यानंबी मोजतंय मी कदी कदी.”

संध्याकाळी तोच दोर रोडपालीला नेऊन मावसांच्या हाताला लावला. मावसांची सहा बोटं म्हणजे भामाची नऊ. हिशेब सुटला. पण नेऱ्याची आणखी चार माणसं बाजारात होती, त्यांनी दुसराच हिशेब घरी नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भामाचा बाप शिवा हातात दांडकं घेऊन आमच्या ओट्यावर. उंच, हाडाचा, मिशा पांढऱ्या. “कंचा तो काशिराम? भर बाजारात माझ्या पोरीचा हात धरला त्यानं.”

भावोजी पुढे झाले. “हात नाय धरला. बोटं मोजली.”

“किती?”

“आठ. अंगठे सोडून.”

आमचे हे तोंडात पदर घालायला मिळत नाही म्हणून गोठ्यात पळाले. माझा पदर होता, मी तिथेच उभी राहिले. सासूबाईंनी शिवाला पाट दिला, पाणी दिलं, गूळ दिला, आणि म्हणाल्या, “बोटं मोजून झाली. आता पोरगी देऊन टाका. आमचा सोन्यासारखा हाय.”

शिवानं गूळ खाल्ला. दांडकं आडवं ठेवलं. “पोरगी मोरा बंदराला द्याची बोलनी चालली हाय. पोरगा बंदरावर लाँचीला दोर बांधतंय. दोर बांधला म्हंजे लाँच थांबते, बगनाऱ्याला दिसते. तुमच्या पोराचं काय? हा बोलतंय पूर येल, नि पूर येत नाय. ज्याच्या शब्दावर पानी हालत नाय, त्याच्या शब्दावर पोर कशी देऊ?”

“एकदा चुकलं,” मी म्हटलं. “बोटांनी चुकलं.”

“मग एकदा खरं होऊ दे,” शिवा उठत म्हणाला. “नारळी पुनवेपरेंत यानं सांगून एक पूर आनावा. नाय आला, तं गौरी झाल्या का मोऱ्याचं पक्कं.” आणि जाता जाता पुन्हा वळला. “आनि आता मोजायचं तं काठीनं मोजा. पोरीला हात लावू नका.”

लग्नात हुंडा मागतात, सोनं मागतात, भांडी मागतात. पूर मागणारा व्याही मी तरी तेव्हाच पाहिला.

भावोजींनी बांबूची काठी तासली. कचेरीतली फूटपट्टी समोर ठेवून तिच्यावर डब्याच्या उंचीइतक्या, नऊ इंचांपर्यंत खाचा पाडल्या, पाव इंच, अर्धा इंच सगळं. मावसांची आठ बोटं म्हणजे सहा इंच, तेही दोरानं मोजून पक्कं केलं. काठी भामाकडे रवाना झाली. आणि पाऊस थांबला.

थांबला म्हणजे काय थांबला. श्रावणाचं ऊन पडलं, आळीतल्या बायांनी पापड काढले वाळत घालायला. नदी इतकी शहाणी झाली की पोरं तिच्यात खेकडे धरायला जाऊ लागली. सगळी आळी खूश, आणि आमच्या घरात सुतक. भावोजी रोज साडेआठला कोरडी बाटली काढायचे आणि भाऊसाहेबांना सांगायचे, “शून्य.” भाऊसाहेब म्हणायचे, “अरे, एवढ्या रडक्या आवाजात शून्य सांगणारा शिपाई मी पहिल्यांदा बघतो.”

एका संध्याकाळी भावोजींना मी मारुतीच्या देवळात हात जोडून उभे पाहिले. बाहेर आले तेव्हा विचारलं, “पूर मागितला ना?”

ते चपला पायात घालू लागले.

“भावोजी, आळीत पयलं घर आपलं हाय. तुमच्या लग्नापायी माझं मीठ जाल.”

“वयनी, मी पूर नाय मागत,” ते म्हणाले. “मी बोललो म्हंजे खरं व्हावं, एवढंच मागतंय.” थोडं चालून म्हणाले, “तसं बगितलं तं एकच हाय म्हना.”

पुनवेच्या आदल्या संध्याकाळी माथेरानवर ढग बसले. आमच्याकडे चांदणं, आणि डोंगर दिसेनासा. सकाळी उठलो तर पनवेलीत नुसती भुरभुर. नारळी पुनवेचा सण. आळीतली माणसं ठेवणीतले कपडे घालून बंदरावर नारळ सोडायला निघायच्या तयारीत. घराघरांतून नारळीभाताचा वास. भावोजी कचेरीत बाटली मोजून धावत घरी आले आणि ओट्यावर नेऱ्याच्या रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. काठीचा आकडा आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. आणि सणाच्या दिवशी भामा बाजाराला येणार की नाही, हेच माहीत नव्हतं.

हौसाचा नवरा नारळ काखेत मारून समोरून गेला. “काय पूरवाले, आज मोऱ्याची लाँच सुटली म्हनायची.”

साडेनऊ झाले असतील. रस्त्याच्या वळणावर भामा दिसली. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, केस सुटलेले, हातात काठी, आणि ती पळत होती. नेऱ्यापासून पळत. ओट्याशी येऊन तिनं काठी भावोजींच्या हातात दिली आणि पायरीवर बसली. बोलायला श्वास नव्हता. काठी सगळ्यात वरच्या खाचेपर्यंत ओली होती.

“डबा भरून वाहात व्हता,” ती म्हणाली. “काठीच्या सगळ्या खाचा बुडल्या. वरचं किती सांडलं ते ठावं नाय. मी निघाले तवा नदी बांधाला लागली व्हती. आधी मी फुडं व्हते. मग तिचा आवाज माझ्या बाजूनं याला लागला, म्हनून पळाले.”

भावोजींचे डोळे मिटले. डोंगरात नऊ इंचांच्या वर, बारा वाजता पुनवेचं उधाण, आणि पाणी वाटेत. ते माजघरात गेले, गेरू घेतला, भिंतीवर चुलीच्या वर वीतभर एक आडवी रेघ ओढली, आणि बाहेर येऊन आळीत हाक दिली. “बारा वाजता पाणी घरात. सामान वर घ्या.”

आळी हसली. एखाद्याची गंमत संपलेली नसावी तशी हसली. कुणी ओट्यावर चढून दाखवलं, कुणी म्हणालं जातं घेऊ का रे. आकाशात ढग होते पण अंगावर पाऊस नव्हता. कोण ऐकणार? भावोजींचा चेहरा असा झाला की मला त्यांच्याकडे बघवेना.

हौसा मात्र तिच्या दारातून भामाकडे बघत होती. तिनं विचारलं, “पोरी, तुझी टोपली कुठं?”

“टाकली.”

“रिकामी?”

“शिराळ्यांची. भरलेली.”

“टाकली म्हंजे, कुनाकडं ठेवली?”

“रस्त्यात टाकली. टोपली घेऊन पळता येत नाय.”

हौसा आत गेली. लगेच जातं ओढल्याचा आवाज आला. तिनं नवऱ्याला हाक मारली, “नारळ ठेवा नि हिकडं या. सनाच्या दिवशीची भरली टोपली बाजारवाली बाई उगा टाकत नाय.”

इंच, सेंट, तिथी, भिंत, हे सगळं आळीनं ऐकून सोडून दिलं होतं. भरली टोपली टाकली हे मात्र प्रत्येक बाईला कळलं. दारादारांतून बातमी गेली आणि बायांनी पुरुषांना बंदरावरून मागे वळवलं. पुन्हा भात वर, बोंबील वर, गोणी वर. सणाचे कपडे घातलेले पुरुष पाठीवर मीठ घेऊन शिड्या चढत होते. अकरा वाजेपर्यंत आळीत जमिनीवर ठेवलेलं काही उरलं नाही.

आणि मग शिवा आला. मुलगी न सांगता पळाली म्हणून मागे पळत आला होता, दांडकं घेऊन. तो ओट्यावर पाय ठेवतो आणि मागून गाढी. लाल, फेसाळ, तोंडात अख्खं केळीचं झाड घेऊन. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. शिवाला परतायला वाट राहिली नाही. आमच्या ह्यांनी त्याला दंडाला धरून शिडीवर चढवलं. माळ्यावर आम्ही सहा माणसं, दोन शेळ्या, कोंबड्या, नारळीभाताचं पातेलं आणि मिठाच्या गोणी. शिवाला बसायला गोणच मिळाली.

पाणी उंबरठ्यावरून आत आलं. आम्ही सगळे वाकून भिंतीवरच्या रेघेकडे बघत होतो. चूल बुडाली. पाणी रेघेच्या चार बोटं खाली आलं आणि तिथेच हलत राहिलं.

“थांबलं,” शिवा म्हणाला.

“भरतीला अजून वेळ हाय,” भावोजी म्हणाले. 

 शेळी माझ्या पदराला चावत होती, तिला कोण हाकणार. मग पाण्यावर एक काडी होती, ती हळूच वर सरकली. भामा म्हणाली, “चढतंय.” तीन बोटं. दोन. मी सुपावर थाप मारली. सासूबाई, कधी न बोलणाऱ्या सासूबाई, खाली वाकून नदीला म्हणाल्या, “ये बाय, ये, अजून थोडी ये.” आमचे हे शिट्टी वाजवायला लागले. स्वतःच्या चुलीत पाणी शिरताना आनंदानं नाचणारं घर पनवेलीत दुसरं झालं नसेल. पाणी रेघेला लागलं. लागलं आणि वर गेलं, बोटभर.

“चुकलं,” शिवा म्हणाला. “रेघ बुडली.”

“बोटभर,” मी म्हटलं. “कुनाच्याही बोटानं मोजा.”

“चुकलं ते चुकलं.”

तेव्हा सासूबाई सरळ बसल्या. “शिवाभाऊ, तुमी पूर मागितला. आमच्या पोरानं तुमी मागितला त्यापरीस बोटभर जास्त आनला. व्याह्याला कमी देऊ नये एवढं आमाला कळतंय.”

शिवा मिशीवरचं पाणी पुसत राहिला. खाली आमचा पाट तरंगत दाराबाहेर निघाला होता. भावोजी शिडीच्या शेवटच्या पायरीवर उतरून, अर्धे पाण्यात, काठी लावून खोली मोजत होते, आणि भामा वरून आकडे पाठ म्हणत होती, विसरू नये म्हणून. त्या दोघांना शिवा काय म्हणतो ते ऐकायची फुरसत नव्हती. शिवानं ते बघितलं. बराच वेळ बघितलं.

“मोऱ्याला निरोप कोन देल?” शेवटी तो म्हणाला. “मी नाय जायाचा. मना लाज वाटंल.”

“मी जातंय,” आमचे हे म्हणाले. “पानी उतरू द्या.”

सासूबाईंनी पातेल्याचं झाकण काढलं आणि केळीच्या पानांअभावी सगळ्यांच्या ओंजळीत नारळीभात दिला. शिवाला दोनदा दिला.

चार वाजता पाणी उतरलं. घरात गुडघाभर चिखल. भामानं लुगडं खोचलं आणि फावडं घेऊन चिखल ओढायला लागली. सासूबाई म्हणाल्या, “अगो, तू अजून पाहुनी हायस.” ती म्हणाली, “मग पाहुनीनं चिखलात बसायचं का?” आळीत एक गोणभरसुद्धा मीठ वाहून गेलं नाही. हौसाच्या नवऱ्यानं येऊन भावोजींना नुसतंच काशिराम म्हटलं, पूरवाला म्हटलं नाही, आणि जातं उतरवायला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी साडेआठला भावोजी कचेरीत हजर. नवा सदरा, पायांना अजून चिखल. त्यांनी बाटली काढली, मापात ओतली, आणि सांगितलं, “एक इंच दहा सेंट.”

भाऊसाहेबांनी टाक खाली ठेवला. “काशिराम, नीट मोज. काल अर्धं पनवेल पाण्यात होतं. वर तार करायची आहे मला. एवढ्याशा पावसात पूर येतो होय?”

“भाऊसाहेब, हा आपला पाऊस,” भावोजी म्हणाले. “पूर माझ्या सासऱ्याच्या गावचा हाय.”